आचलच्या कार्डावर नापास कोण

आचलनं उतारा सरळ वाचून काढला. एकदाही अडखळली नाही. मग केंद्रप्रमुख सर म्हणाले, "छान. आता काय वाचलंस ते तुझ्या शब्दांत सांग." आणि आचल गप्प झाली.

मी वऱ्हांड्यात तांदूळ निवडत बसले होते. वर्गाचं दार उघडं होतं. मला तिची पाठ दिसत होती. दोन वेण्या आणि मागे धरलेले हात. एका हाताचं बोट दुसऱ्या हातानं घट्ट आवळलेलं. सरांनी पुन्हा विचारलं. मॅडमनी जवळ जाऊन विचारलं, "बोल ना आचल, विहिरीत काय पडलं होतं?" तिनं मान आणखी खाली घातली. सरांनी कागदावर खूण केली आणि पुढच्या मुलाचं नाव घेतलं.

मी या शाळेत स्वयंपाक करते. कागदावर माझ्या कामाचं नाव मोठं आहे, स्वयंपाकी तथा मदतनीस. काम म्हणजे खिचडी, मसालेभात, कधी वरण-भात, मटकीची उसळ, भांडी आणि झाडझूड. आमचं गाव जऊळक्यापासून आत आहे. शाळा चौथीपर्यंत, पाचवीला जऊळक्याला जावं लागतं. शिक्षक दोनच. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक, त्यांच्याकडे पहिली-दुसरी. मॅडमकडे तिसरी-चौथी. केंद्रप्रमुख म्हणजे आजूबाजूच्या शाळांवर लक्ष ठेवणारे साहेब. ते महिन्यातून एखाद वेळी मोटारसायकलवर येतात.

माझं स्वतःचं शिक्षण चौथीच आहे. माझं माहेर अनसिंगकडचं. तिकडेही गावात चौथीपर्यंतच शाळा होती. पाचवीसाठी बाहेर जावं लागायचं, आणि मला कोणी पाठवलं नाही. त्यात रडण्यासारखं काही नाही, आमच्या वयाच्या बऱ्याच बायांचं असंच आहे. पण आचलची गोष्ट सांगायची तर एवढं सांगावं लागतं.

त्या वर्षी शाळेत नवीन कागद आला होता. त्याचं नाव निष्पत्तीचा तक्ता. निष्पत्ती हा शब्द मलाही तेव्हाच कळला. आधी ऑफिसातून विचारायचे, पुस्तकं किती वाटली, तास किती घेतले, धडे किती झाले. आता विचारायचं, मुलाला काय आलं. केंद्रप्रमुख सरांनी मीटिंगमध्ये मलाही बसवलं होतं आणि माझ्याकडे बोट करून समजावलं होतं. "काकू रोज लिहितात, तांदूळ किती शिजवला. बरोबर? पण शिजवणं म्हणजे पोट भरणं नव्हे. आपल्याला पोट भरलं का ते बघायचंय." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आणखी मागे सरकले. पण सरांचं म्हणणं मला पटलं होतं.

चौथीसाठी त्या तक्त्यात एक ओळ अशी होती, की मूल छोटा उतारा समजून वाचतं आणि त्यातलं स्वतःच्या शब्दांत सांगतं. पुढे दोन चौकटी. साध्य आणि साध्य नाही. त्या दिवशीची चाचणी सरावाची होती. खरी चाचणी पुढे व्हायची होती, आणि नंतर पालकांना बोलावून प्रत्येकाला कार्ड द्यायचं ठरलं होतं.

दुपारी जेवणाची लाईन लागली. आता माझी एक सवय सांगते. मोठ्या माणसांशी मला बोलता येत नाही. बायांच्या घोळक्यातही मी मागे उभी राहते. पण मुलांशी मी बोलते. वाढताना प्रत्येकाला विचारते, "आज काय नवीन?" काहीतरी सांगितल्याशिवाय माझी पळी खाली येत नाही. कोणी सांगतो, आमची म्हैस व्याली. कोणी सांगतो, सर कोणाला रागावले. मुलांना हा खेळच झाला होता.

आचलची ताटली पुढे आली. मला वाटलं, आज ही काही बोलणार नाही. पण पळी वर दिसली आणि ती सुरू झाली.

"काकू, आज ना एका पोट्ट्याची बादली विहिरीत पडली. मंग त्यानं गळ आणला. पन गळ लागेच ना बादलीले. तो चिडून चिडून गळ फिरवे. मंग त्याची आजी म्हणे, अरे बापू, आधी पानी थांबू दे. पानी हालून राह्यलं त तुले बादली दिसन कशी?"

मागून एक जण ओरडला, "आटप ना वो आचल! तुह्यी बादली निंघाली नाई का अजून?"

सगळी लाईन हसली. आचलही हसली. "निंघाली बे! पानी थांबलं तवा निंघाली!"

मी खिचडी वाढली आणि तिच्याकडे बघतच राहिले. हा तोच उतारा होता. सकाळी तिला एक शब्द सांगता आला नव्हता.

मला कारण अंधुक कळत होतं. आमच्या मॅडम साताऱ्याकडच्या. वयानं लहान, कष्टाळू. सुट्टीच्या दिवशीही येऊन भिंतीवर चित्रं काढायच्या. त्यांचा एक नेम होता. वर्गात कोणी 'मले' म्हटलं की त्या म्हणायच्या, "मले नाही, मला." 'करून राह्यलो' म्हटलं की "करतोय." रागावून नाही, प्रेमानंच. त्यांना वाटायचं, पुढच्या मोठ्या शाळेत आपल्या मुलांना कोणी हसू नये. काही मुलं शिकली. काही मुलं चुकण्यापेक्षा गप्प बसायला शिकली.

हे मी मॅडमना जाऊन सांगायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. पण चौथी शिकलेल्या बाईनं शिक्षिकेला तिचं शिकवणं सांगायचं, हे मला जमणारं नव्हतं. मी भांडी घासत बसले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी आचलचे वडील मोठ्या सरांना भेटले. दिगांबरभाऊ त्यांचं नाव. शेती करतात, शब्दाला पक्के माणूस. सरावाच्या चाचणीत आचल गप्प राहिल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. मी आत झाडत होते.

"सर, कार्डावर साध्य नाई असं येनार असन त आताच सांगा," ते म्हणाले. "मंग मी जऊळक्याले तिचं नाव टाकत नाई."

"अहो, अजून मुख्य चाचणी व्हायची आहे."

"होऊ द्या. पन येत नाई त येत नाई. घरी लहान लेकरू हाय, हिची माय वावरात जाते. पोरीले काही येत असन त मी ऑटो लावतो, पोटाले चिमटा घेतो. येतच नसन त एवढ्या दूर पाठवून कायले हाल करू तिचे?"

सर म्हणाले, "दिगांबरभाऊ, घाई करू नका."

"घाई नाई. तुमचं कार्ड येऊ द्या. त्यावर जे असन तेच करतो."

म्हणजे आचलची पाचवी त्या दोन चौकटींवर येऊन ठेपली होती. आणि हा माणूस वाईट नव्हता. कागदावर विश्वास ठेवून बोलत होता.

दिगांबरभाऊ माझ्या मालकांचे चुलतभाऊ, वयानं मोठे. म्हणजे नात्यानं माझे भासरे. भासऱ्याशी समोरासमोर बोलायची आमच्या घरात रीत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्याशी थेट एक शब्द बोललेली नाही. ते दिसले की पदर सारखा करायचा आणि बाजूला व्हायचं. तेव्हा तिकडूनही माझं तोंड बंदच होतं.

रात्रभर विचार करून मला एकच गोष्ट सुचली, आणि तिला बोलायची गरज नव्हती.

शाळेत नियम असतो, की मुलांना वाढण्याआधी एका मोठ्या माणसानं जेवणाची चव घ्यायची आणि तशी नोंद करायची. मी रोज एक वाटी भरून ऑफिसात मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवायची. त्या दिवशी मी वाटी नेली नाही. लाईन लावली, गंजाचं, म्हणजे खिचडीच्या मोठ्या पातेल्याचं, झाकण काढलं आणि वाढायला सुरुवात न करता उभी राहिले.

थोड्या वेळानं मॅडम बाहेर आल्या. "काकू, आज चव राहिली का?"

मी नुसती वाटी पुढे केली. त्या गंजापाशी उभ्या राहून खाऊ लागल्या. "मीठ बरोबर आहे. वाढा."

मी वाढायला लागले. पहिली दोन-तीन मुलं मॅडमला बघून अडखळली. मी पळी खाली आणली नाही. मग सवयीनं बोलू लागली. मॅडम हळूहळू मागे सरकल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. आचलचं लक्ष खिचडीकडे होतं. त्या दिवशी वर्गात मुंग्यांचा धडा झाला होता. तिनं मुंग्यांचं सगळं घर मला सांगितलं. कोण दाणे आणते, कोण अंडी सांभाळते, आणि वरून हेही, की "आमच्या घरी एवढ्या मुंग्या हायेत, पन त्यायचा काही धडा नाई, नुसती साखर नेतात."

मॅडम हसल्या. आचलनं मागं बघितलं, आणि तोंड मिटलं. ताटली घेऊन ती पळाली.

मुलं जेवून गेल्यावर मॅडम माझ्याजवळ येऊन बसल्या. "काकू, ही रोज तुम्हाला असं सांगते?"

"हाव. सगळेच सांगतात."

"मला नाही सांगत."

मी म्हटलं, "तुमी शिकवता, म्हणून तर सांगतात. मुंग्यायचं मले कुठं माहीत होतं?"

हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले नव्हते. ते खरंच होतं. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मी चूक दुरुस्त करत होते. मुलंच बंद होतायत, हे दिसलं नाही."

नंतर त्यांनी केंद्रप्रमुख सरांना फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "सर, मुलानं घरच्या बोलीत सांगितलं तर चालेल का?... हो, स्वतःच्या शब्दांत असंच लिहिलंय... नाही, सोपं करून मागत नाहीये सर." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "चालेल म्हणाले. पण उतारा नवीन असणार. ऐकलेला नाही, वाचलेलाच सांगायचा."

त्या दिवसापासून शेवटच्या तासाला मॅडम मुलांना वाचायला देत आणि सांगा म्हणत. कुणाला मध्ये थांबवत नसत. लिहिताना मात्र पुस्तकी भाषाच. स्वतःही त्या आमचं बोलणं बोलून बघत आणि मुलं पोट धरून हसत. मी तांदूळ निवडता निवडता ऐकत असे. आचल चार दिवस गप्पच होती. पाचव्या दिवशी एक वाक्य बोलली.

मग खरी चाचणी झाली. उतारा होता पावसाच्या पाण्यावर. पाऊस पडतो, पाणी उतारावरून वाहून जातं, बांध घातला की थांबतं, असं आधी होतं. पुढे जमिनीखालच्या पाण्याची पातळी वगैरे. आचलनं वाचला. सर म्हणाले, "सांग." पुन्हा तेच. मान खाली, बोट आवळलेलं. मी सूप खाली ठेवलं.

मॅडम म्हणाल्या, "आचल, मले सांग ना व. तू गप राहिली तर मले कसं समजणार?"

कोणीतरी फिसकन हसलं. आचलनं मान वर केली. "मॅडम, समजणार नाई म्हणत. कसं समजन, असं म्हणतात."

"बरं. कसं समजन?"

आणि ती बोलू लागली. पाऊस आला, पाणी धो धो गेलं, वावरातली माती घेऊन गेलं. बांध घातला तर थांबलं. "आमच्या बाबानं घातला हाय बांध, तथी पानी थांबते," हेही सांगितलं. सर ऐकत होते. मग ती थांबली. सर म्हणाले, "आणि पुढचं?"

"पुढचं मी वाचलं, पन मले समजलं नाई."

मला वाटलं, झालं. माझी समजूत अशी होती, की हिला सगळं येतं, फक्त बोलत नाही. तसं नव्हतं. अर्धा उतारा तिला खरोखरच कळला नव्हता. तिचं गप्प राहणं सुटलं आणि त्याखालचं दुसरं अडलेलं दिसलं. सरांनी विचार केला आणि साध्य नाहीवर खूण केली. त्यांना तिची दया आली असती तर खूण इकडची तिकडे झाली असती. पण ते तसं करणारे नव्हते. ते मॅडमना म्हणाले, "आज तिनं काय समजलं नाही ते स्वतः सांगितलं. आता कुठं काम सुरू करायचं ते तुम्हाला माहीत आहे."

मला मात्र फाटकाशी उभे असलेले दिगांबरभाऊ आठवत होते.

पालकांच्या मीटिंगला केंद्रप्रमुख सर मुद्दाम आले. बाया एका बाजूला, माणसं एका बाजूला. मी चहा करून दाराआड उभी होते. कार्डं वाटली. दिगांबरभाऊंनी कार्ड लांब धरून वाचलं आणि उभे राहिले.

"सर, एकच सांगा. माह्यी पोरगी पास का नापास?"

"दिगांबरभाऊ, या कार्डावर मुलगी पास-नापास नाही," केंद्रप्रमुख सर म्हणाले.

"मंग हे काय हाय? साध्य नाई लिहेल हाय ना?"

"आहे. पण हे आमचं आहे. चार वर्षं आम्ही शिकवलं, तरी अर्धा उतारा तिला कळला नाही. खाली बघा, शाळेनं काय करायचं, असं लिहिलंय. मुलीनं काय करायचं असं लिहिलेलं नाही."

दिगांबरभाऊंनी पुन्हा कार्ड बघितलं. "म्हणजे तुमी नापास?"

सगळे हसले. मोठे सर खाली बघायला लागले. केंद्रप्रमुख सर हसले नाहीत. म्हणाले, "या ओळीत, हो. सध्या तरी."

"मंग हे बराबर नाई," दिगांबरभाऊ म्हणाले. "नापास तुमी व्हा आन घरी बसन माह्यी पोरगी?"

आता मोठे सरही हसले. पण दिगांबरभाऊ अजून उभेच होते. आवाज खाली आला. "ते ठीक हाय. पन खरं सांगू का, पोरगी मुक्कीच हाय. माह्यासमोर तं तोंडच उघडत नाई. जऊळक्याच्या एवढ्या पोरायमधी काय करन ते? कोनी काही बोललं त सांगन बी नाई."

ही त्यांची खरी धास्ती होती. कार्ड नुसतं निमित्त होतं. मॅडमनी काही बोलायला तोंड उघडलं. त्यांच्या आधी मी बोलले. कशी बोलले मला माहीत नाही. भासऱ्याशी बोलायचं नसतं, पण आमच्याकडे लेकराच्या आडून बोलता येतं. आचल दाराशीच उभी होती.

मी म्हटलं, "आचल, तुह्या बाबाले सांग, मुक्की नाई म्हणा. मी रोज पळी धरून ऐकते म्हणा. मागची लाईन बोंबलते, तरी ही थांबत नाई म्हणा."

बाया माना वळवून बघत होत्या. माझा आवाज बऱ्याच जणींनी पहिल्यांदाच ऐकला असेल. आचल एकदा माझ्याकडे बघे, एकदा वडिलांकडे. निरोप सांगायची गरजच नव्हती, सगळ्यांनी ऐकला होता. तरी तिनं सांगितला. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, भरल्या मीटिंगमध्ये, वडिलांच्या तोंडावर बघून.

दिगांबरभाऊ माझ्याकडे वळले नाहीत. रीत त्यांनीही पाळली. कार्ड घडी करून खिशात ठेवलं आणि आचलला म्हणाले, "काकूले सांग, ऐकलं म्हणा."

मग खाली बसले आणि शेजारच्याला विचारलं, "जऊळक्याले ऑटो कोनाचा जाते रे सकाळी?"

आचल आता पाचवीत आहे. उन्हाळ्यात मॅडमनी तिला आणि आणखी काही मुलांना अशा माहितीच्या धड्यांचा सराव दिला. जमिनीखालचं पाणी तिला आता समजतं की नाही, ते मला माहीत नाही. त्यासाठी पुन्हा चाचणी होईल. संध्याकाळी ऑटोतून उतरली की कधीकधी माझ्याकडे येते.

"काकू, तथची खिचडी बरी असते. पन तथची काकू वाढताना काहीच इचारत नाई."

मी म्हटलं, "मंग तू सांगत जाय ना. इचाराची वाट काहून पाह्यतं?"

हे सांगणारी मी, म्हणून मलाच हसू आलं.

मॅडम अजून 'समजणार' म्हणतात आणि मुलं अजून दुरुस्त करतात. मी यातून दोन गोष्टी शिकले. निकालाचा कागद हातात आला की आधी विचारावं, हा निकाल कोणाचा आहे. आणि चवीची वाटी ऑफिसात नेऊन ठेवू नये. ज्याला चव बघायची असेल त्यानं गंजापाशी यावं.